बोलेरोला मोठे टायर लावावेत का? काळ्या मातीतल्या वाटा लक्षात घेऊन दिलेले सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्याकडे टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो आहे, शेत मारेगाव तालुक्यात डांबरी रस्त्यापासून बरेच आत आहे, पावसाळ्यात पांदण रस्त्याने जाताना गाडी कधी चिखलात फसते तर कधी खालून घासते, आणि म्हणून मूळचे २१५/७५ आर १५ (२१५ मिलीमीटर रुंद, रुंदीच्या ७५ टक्के उंच बाजू, १५ इंची रिम) टायर काढून ३१ इंची मड टायर (चिखलासाठीचे टायर) लावावेत असे तुमच्या मनात आहे. टायरवाल्याने २३५/७५ आर १५ हा मधला पर्यायही सुचवला आहे. पिकअप, एव्हरेज आणि गाडीच्या आयुष्यावर याचा काय परिणाम होईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी याच पट्ट्यात गॅरेज चालवतो आणि बोलेरो, कॅम्पर, जुन्या जीप व थार यांचे बेअरिंग, बॉल जॉइंट, क्लच आणि ब्रेक हेच माझे रोजचे काम आहे. त्यामुळे टायर विकणाऱ्याला जे दिसत नाही, म्हणजे टायर बदलल्यानंतर वर्षभराने गाडी कोणत्या अवस्थेत येते, ते मला पाहायला मिळते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. गाडी घासणे ही उंचीची अडचण आहे आणि गाडी फसणे ही पकडीची. टायरचा व्यास वाढवल्याने पहिली थोडीफार कमी होते. दुसरीवर मात्र व्यासाचा थेट परिणाम तुम्ही समजता त्यापेक्षा बराच कमी आहे. तिथे हवा, टायरची नक्षी आणि डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा) यांचा वाटा मोठा असतो.

उंचीचा हिशेब कागदावर करता येतो. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलीमीटर येतो, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४, आणि ३१ इंच म्हणजे सुमारे ७८७ मिलीमीटर. गाडी जमिनीपासून वर उचलली जाते ती व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे मधल्या पर्यायाने तुम्हाला १५ मिलीमीटर मिळतील आणि ३१ इंची टायरने सुमारे ४२. बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीच्या कागदावर १८० मिलीमीटर आहे, हे ध्यानात घेतले तर ४२ मिलीमीटर काही कमी नव्हेत. शिवाय मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून उंच करण्याचा टायर हाच एकमेव मार्ग आहे. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा नवे पाटे चढवून गाडीची बॉडी वर जाते, पण ॲक्सल आणि गोळा जिथल्या तिथेच राहतात, आणि आपल्याकडे घासतो तो बहुतेक वेळा गोळाच.

तरीही हे ४२ मिलीमीटर तुमच्या वाटेवर पुरतील का, हे वाट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जिथे पावसाळाभर ट्रॅक्टर चालतात तिथे चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा वीतभर किंवा त्याहूनही उंच राहतो, आणि अशा ठिकाणी ३१ इंची टायरची बोलेरोसुद्धा पोटावर टेकते. ऊन असताना एकदा पायी जाऊन, चाकोरीवर आडवी काठी ठेवून तिची खोली टेपने मोजा. ती तुमच्या गाडीच्या क्लिअरन्सपेक्षा दोन-तीन बोटेच जास्त असेल तर टायरचा उपयोग होईल. त्याहून जास्त असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून चालवणे, किंवा गावाने मिळून पांदणीवर मुरूम टाकून घेणे, हेच उपाय उरतात. धुरा (शेताचा बांध) ओलांडताना किंवा मोठ्या दगडावरून जाताना मात्र मोठ्या चाकाचा फायदा स्पष्ट जाणवतो, कारण चाक जितके मोठे तितका तोच अडथळा त्याला सौम्य उताराने भेटतो.

आता चिखलाकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. आपली काळी माती भिजली की फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी भरते की दोन-तीन फेऱ्यांतच टायर गुळगुळीत होतो. एकदा खाचा भरल्या की टायर २८ इंची असो वा ३१ इंची, जमिनीला टेकतो तो मातीचा लेप, रबर नव्हे. इथे उपयोगी पडतात त्या मड टायरच्या रुंद आणि खोल खाचा, ज्यांतून चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा मधल्या नक्षीचा टायर, मुरमाड, बरड आणि ओलसर मातीत फार चांगला चालतो, पण भर श्रावणातल्या भारी काळ्या जमिनीत तोही लवकर भरतो. म्हणजे चिखलात तुम्हाला जे हवे आहे ते नक्षीतून मिळते, आणि मड नक्षीचा टायर मिळवण्यासाठी ३१ इंचांपर्यंत जाण्याची गरज नसते.

रुंदीबद्दलही गैरसमज फार आहेत. चिखलाच्या पातळ थराखाली टणक मुरूम असेल तर अरुंद टायर थर कापून खाली पोहोचतो आणि पकड घेतो; आपल्या बंडीचे चाक उंच पण अरुंद का असते, याचे कारण हेच. उलट खोलवर मऊ असलेल्या जमिनीत कितीही कापले तरी टणक काही लागतच नाही, आणि तिथे रुंद टायर वरच्यावर तरंगतो म्हणून बरा. एकाच पांदणीवर अर्ध्या भागात पहिली स्थिती आणि अर्ध्या भागात दुसरी असू शकते. तुमच्या वाटेखाली मुरूम आहे की नाही, हे शेजारची विहीर खोदताना किती हातांवर मुरूम लागला ते आठवणाऱ्या माणसाला विचारा, अंदाज चांगला येतो.

आणि हवा. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. टायर जमिनीला किती क्षेत्रफळावर टेकतो, हे ढोबळमानाने गाडीचे वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरते, टायरच्या आकारावर नव्हे. मोठा टायर लावून त्यात तेवढीच हवा ठेवली तर टेकणाऱ्या पट्ट्याचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. मोठ्या टायरचा खरा फायदा असा की त्यात हवेला जागा जास्त असल्याने तो कमी हवेवर सुरक्षित चालू शकतो. हे ज्याला कळले तो आधी आपल्याच टायरमधली हवा कमी करून पाहतो. ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) आसपासची हवा १८ ते २० पर्यंत उतरवली की टायरचा तळ पुढे-मागे लांब पसरतो, आणि ज्या जागी गाडी जागीच चाक फिरवत होती तिथून ती सावकाश निघून जाते. ओल्या मातीवर उमटलेला ठसा हवा सोडण्याआधी आणि नंतर टेपने मोजून पाहा, म्हणजे फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

यालाही मर्यादा आहेत. कमी हवेवर वेग ताशी २० ते २५ किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि स्टिअरिंग झटक्याने वळवू नये, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. मागे खताची पोती किंवा कापसाची गाठोडी भरलेली असतील तर इतकी हवा उतरवू नये. डांबरी रस्ता लागताच, निदान पहिल्या पंक्चरवाल्याकडे, हवा पूर्ववत करावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात कमी हवेचा टायर वेगाने पळवला तर बाजूची भिंत सतत दुमडून आतून तापते, आणि तो फुटतो तेव्हा आधी काही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. हवा कमी केली की टायर कुशीत फुगतो, आणि शेतात तूर किंवा पऱ्हाटी कापल्यानंतर उरलेली खुंटे असतील तर ती नेमकी त्याच कुशीत घुसतात. तुरीचे तिरपे कापलेले वाळके खुंट बाजूच्या भिंतीतून आत शिरले की ते पंक्चर बहुधा निघत नाही, टायरच बाद होतो. त्यामुळे पांदणीच्या चिखलात हवा उतरवा, पण तुराटीच्या शेतात उतरवलेल्या हवेवर गाडी घालू नका. टायर निवडताना बाजूच्या भिंतीला किती थर आहेत ते टायरवर लिहिलेले असते, ते वाचून घ्या. बाभळीच्या काट्यांसाठी आणि खुंटांसाठी तो आकडा व्यासापेक्षा महत्त्वाचा आहे.

इतके सगळे करूनही टू-व्हील ड्राइव्ह बोलेरोची एक मर्यादा राहतेच. साध्या डिफरन्शियलमध्ये मागचे एक चाक घसरू लागले की ताकद त्याच चाकाकडे वाहून जाते आणि दुसरे जागीच थांबते. थारच्या काही प्रकारांत आणि बोलेरो निओच्या एन१० (ओ) प्रकारात ही अडचण कमी करणारे लॉकिंग डिफरन्शियल येते. तुमच्या गाडीत ते नसेल तर मोठा टायर फक्त मोठा टायर म्हणूनच जागेवर फिरत राहील.

आता या टायरची किंमत गाडी कशी चुकवते ते सांगतो. व्यास वाढवणे म्हणजे गाडीचे सगळे गिअर एकदम थोडे वर चढवणे. २३५/७५ ने चाकाचा परीघ सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि ३१ इंची टायरने सुमारे १२ टक्क्यांनी. इंजिन तेवढेच राहते, त्यामुळे जमिनीवर मिळणारा जोर पहिल्यात सुमारे ४ टक्क्यांनी आणि दुसऱ्यात साधारण साडेदहा टक्क्यांनी घटतो, आणि तो पहिल्या गिअरमध्येही घटतो, जिथे चिखलात तुम्हाला त्याची सर्वाधिक गरज असते. हा घटलेला जोर चालक अर्ध्या क्लचवर भरून काढतो. थारसारख्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत लो रेंज (वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारी गिअरची जादा सोय) असते, म्हणून तिथे हे खपून जाते. तुमच्या बोलेरोत ती सोय नाही, त्यामुळे भार येतो तो क्लच प्लेटवर. मोठे टायर लावलेल्या गाड्यांची प्लेट उघडतो तेव्हा ती बहुधा नुसती झिजलेली नसते, तिचा रंग उडालेला असतो आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग पडलेले असतात. ते जळण्याचे लक्षण आहे.

पिकअपचेही तसेच. बोलेरोच्या एमहॉक ७५ इंजिनाचा २१० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) १६०० ते २२०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) टप्प्यात मिळतो. ज्या वेगाला आधी टॉपमध्ये १७०० आरपीएम असायचे, त्याच वेगाला ३१ इंची टायरवर सुमारे १५२० राहतील, म्हणजे गाडी त्या टप्प्याच्या खाली येईल आणि साध्या चढावरही गिअर उतरवावा लागेल. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना हे प्रत्येक वळणावर जाणवते. २३५/७५ वर १७०० चे सुमारे १६३० होतात, त्यामुळे तो टायर या हिशेबात बसतो.

वजनाचा परिणाम व्यासापेक्षा वेगळा आहे आणि लोक तो विसरतात. मूळ आकाराचा साधा रेडियल आणि ३१ इंची मड टायर यांत एका टायरमागे ८ ते १० किलोंचा फरक सहज असतो. हे वजन चाकाच्या कडेला फिरत असते, आणि कडेला फिरणारे वजन पुढेही न्यावे लागते व फिरवावेही लागते, म्हणून गाडी पळवताना आणि थांबवताना ते जवळजवळ दुपटीने भासते. चार चाकांचे मिळून ४० किलो वाढले तर वेग घेताना आणि ब्रेक मारताना गाडीत ८० किलोंचा आणखी एक माणूस बसल्यासारखे होते. विकत घेण्याआधी दोन्ही टायर कृषी केंद्राच्या किंवा अडत्याच्या काट्यावर ठेवून पाहावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण एकाच आकाराच्या दोन कंपन्यांच्या टायरांतही वजनाचा फरक असतो.

ब्रेकच्या बाबतीत मी ठाम आहे. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढाच ब्रेक गाडीला कमी अडवतो, आणि त्यात फिरत्या वजनाची भर पडते. गावातल्या वेगात हे कळत नाही. घाट उतरताना किंवा समोर अचानक जनावर आले की कळते. ३१ इंची टायर लावून ब्रेक पॅड, मागचे ड्रम आणि ब्रेक ऑइल न तपासता गाडी हमरस्त्यावर काढणे मला मान्य नाही.

आता ते भाग, ज्यांच्यासाठी लोक माझ्याकडे येतात. टायरचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्यामुळे खड्ड्यात आपटून वर उसळलेले जड चाक पुन्हा जमिनीवर दाबून धरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. मूळ शॉक ॲब्सॉर्बर मूळ वजनासाठी बनवलेले असतात. जड चाक त्यांना जुमानत नाही, गाडी उसळत राहते आणि धक्के बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंगवर जातात. त्यातच ३१ इंची टायर बहुधा १०.५ इंच रुंद असतो आणि त्याला साधारण ७ ते ९ इंच रुंदीची रिम लागते, मूळ रिमवर तो नीट बसत नाही. ती रिम चाक बाहेरच्या बाजूला सरकवणारी घेतली, किंवा आत घासू नये म्हणून स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) टाकले, तर चाकाचा भार बेअरिंगपासून लांब जातो, स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्यात हाताला हिसके बसतात. हे घरी तपासता येते. पुढचे चाक जॅकवर उचला आणि वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा; खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. तिथे खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड. मोठे टायर लावल्यावर ही तपासणी दर सर्व्हिसिंगला करावी.

बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते, हे टायर निवडताना कोणी ध्यानात घेत नाही. ३१ इंची टायर रुंद रिमसकट त्या दारावर टांगला की काही महिन्यांत बिजागरी खाली बसते, दार उचलून लावावे लागते आणि कच्च्या रस्त्यावर सतत खडखडते. लहान स्टेपनी ठेवणे हा त्यावर उपाय नाही. मागच्या दोन चाकांचे व्यास वेगळे असतील तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत फिरत राहते आणि तापते, आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांशी भांडतात.

एव्हरेजचा हिशेब करताना एक काळजी घ्या. टायर मोठा झाला की मीटर कमी किलोमीटर दाखवतो. समजा मीटरप्रमाणे गाडी ५०० किलोमीटर चालली आणि ४० लिटर डिझेल लागले, तर एव्हरेज साडेबारा वाटेल. पण ३१ इंची टायरवर गाडी प्रत्यक्षात सुमारे ५६० किलोमीटर चाललेली असते, म्हणजे खरे एव्हरेज १४ च्या आसपास. मूळ टायरशी तुलना ही दुरुस्ती करूनच करावी. एव्हरेज घटतेच, विशेषतः मड नक्षीने, पण लोक सांगतात तितके बहुधा नाही. वेगाचेही तसेच आहे: काटा ८० दाखवेल तेव्हा तुम्ही २३५/७५ वर सुमारे ८३ आणि ३१ इंचीवर सुमारे ८९ ने जात असाल. काही मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे मोबाइलच्या जीपीएसशी एकदा ताडून पाहा.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. बॉडीबाहेर आलेले टायर आणि स्पेसर सहज नजरेत भरतात, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

हे सगळे तुमच्या वापरावर अवलंबून आहे, आणि तुम्ही तो पूर्ण सांगितलेला नाही. गाडी वर्षातले किती दिवस चिखलात जाते आणि किती दिवस वणी, यवतमाळ, नागपूर अशी डांबरावर व काँक्रीटवर धावते? समृद्धी महामार्गावर लांब पल्ल्याची ये-जा असेल तर मड टायर लावूच नका. काँक्रीटवर ते तापतात, लवकर झिजतात, आवाज करतात आणि पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर त्यांची पकड साध्या टायरपेक्षा कमी असते. गाडी शेत आणि तालुका एवढ्यातच फिरत असेल तर मड नक्षीचा विचार जरूर करा.

तुमच्या जागी मी पुढील क्रमाने जाईन. या पावसाळ्यात आहे त्याच टायरवर हवा मोजण्याचा गेज आणि बॅटरीवर चालणारा कंप्रेसर घेऊन हवा उतरवून पाहीन. सध्याच्या टायरची नक्षी झिजून १.६ मिलीमीटरच्या खुणेजवळ (टायर बदलण्याची खूण) आली असेल तर ती परीक्षा खरी ठरणार नाही, एवढे पाहून घ्या. तेवढ्याने भागले नाही तर २३५/७५ आर १५ चे पाच टायर एकदम घेईन, डांबर जास्त असेल तर ऑल-टेरेन आणि चिखल जास्त असेल तर मड नक्षीचे. मूळ टायरवर १०० हा लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) असेल तर नवा टायर त्याहून कमी घेऊ नका. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडीत माणसे बसवून, चाक फेंडरला किंवा आतल्या आर्मला कुठे घासत नाही ना ते पाहा. मग अलाइनमेंट करून घ्या आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. ३१ इंची टायर मी तुमच्या गाडीला सुचवणार नाही, आणि पुढे कधी लो रेंजची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली तरी ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर आणि रिमचा खर्च टायरच्या किमतीत धरूनच त्याचा विचार करा.

चाकोरीची खोली, खाली मुरूम आहे की नाही आणि महिन्याला डांबरावर किती किलोमीटर होतात, या तीन गोष्टी कळवल्यात तर ऑल-टेरेन की मड, हे मी तुम्हाला अधिक नेमके सांगू शकेन.